रक्तात एवढी साखर, तरी भूक काऊन लागते?

जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलेबीची बातमी आली तेव्हा आमच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुठल्या पदार्थात किती साखर आणि किती तेल असतं हे सांगणारे फलक सरकारी कार्यालयांत लावा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं पत्र होतं. त्या बातम्यांत आपल्या नागपूरच्या एम्सचंही नाव झळकलं. तोंडोतोंडी ती बातमी 'समोशावर सिगारेटसारखा इशारा छापणार' इथवर पोचली. मग मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की ठेलेवाल्यांच्या मालावर काहीही छापायचं नाही, फलक फक्त कामाच्या ठिकाणी आणि तेही माहितीपुरते.

त्या गप्पांत शेजारच्या काकांनी मात्र खरा प्रश्न टाकला. "सर, माह्यी शुगर दोनशे ऐंशी निघाली. म्हणजे रक्तात साखर मावत नाही म्हणा ना. मंग मले दर दोन तासाले भूक काऊन लागते?"

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, आणि इतक्या वर्षांत वर्गातल्या एकाही पोराने हे विचारलं नव्हतं. 'इन्सुलिनचे कार्य लिहा' हा प्रश्न दोन मार्कांना यायचा. 'रक्तातील साखर कमी करते' असं लिहून पोरं मोकळी व्हायची आणि मार्क देऊन मी मोकळा व्हायचो. उत्तर चूक नाही, पण त्याने काकांचं समाधान होणार नव्हतं.

रक्त हा रस्ता आहे, गोदाम नाही

आधी साधा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी शुगर ९० आली, तर त्याचा अर्थ दर १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार केला की साडेचार ग्रॅम येतात. सगळ्या अंगातल्या रक्तात मिळून चहाचा एक चमचा साखर! काकांचे २८० धरले तरी तीनेक चमचेच. 'मावत नाही' म्हणण्याइतकी साखर रक्तात कधीच नसते. तिथे जागाच एका चमच्याची आहे.

आता पोह्यांची प्लेट घ्या. साठ ग्रॅम कोरडे पोहे भिजवले असं धरलं, तर त्यातला पाऊण हिस्सा पिष्ट, म्हणजे स्टार्च असतो. पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज होतं. एक चमचा साखर ज्या रस्त्याने वाहते त्याच रस्त्यावर तासा-दीड तासात नऊ-दहा चमच्यांचा माल उतरणार.

संत्र्याच्या हंगामात कळमन्याचा बाजार ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं समजवावं लागणार नाही. गाड्या येतात यात काही बिघडत नाही, बाजार त्यासाठीच आहे. माल उतरून गाड्या वेळेवर रिकाम्या झाल्या नाहीत, तर मात्र रस्ता तुंबतो. शरीरात मोठी गोदामं तीन: यकृत, स्नायू आणि चरबी. माल उतरवून घेणारा मुकादम म्हणजे इन्सुलिन. पोटामागच्या स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं असतात, तिथे ते तयार होतं. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ती बेटं प्रथम पाहिली, पण ती कशासाठी आहेत हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मुकादम स्वतः पोती उचलत नाही, तो शिट्टी मारतो. ती ऐकली की स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी आत ठेवलेली ग्लुकोजची दारं पृष्ठभागावर आणतात आणि माल आत घेतात. यकृताला निरोप वेगळा असतो: 'तू जी साखर रक्तात सोडत होतास ती आता थांबव, आणि आलेली साठव.' हे दुसरं काम आमच्या पुस्तकातही एका ओळीत उरकलेलं असायचं. खरं तर रात्रभर उपाशी राहूनही सकाळी शुगर १५० येते, ती याच कामात ढिलाई झाल्यामुळे. ती साखर आदल्या रात्रीच्या गुलाबजामाची नसते, यकृताने पहाटे सोडलेली असते.

साठा फार मोठा नाही. यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास, सगळ्या स्नायूंत मिळून साधारण ४०० ग्रॅम. त्यावर उरलेलं चरबीच्या गोदामात जातं, आणि त्या गोदामाला मात्र भिंत नाही. जेवण नसतं तेव्हा ग्लुकागॉन नावाचं दुसरं संप्रेरक (हार्मोन) यकृतातला साठा बाहेर काढायला लावतं, कारण मेंदूला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या घरात ग्लुकोज लागतं. आणि मेंदू मुकादमाच्या शिट्टीची वाट पाहत नाही, आपलं आपण उचलतो.

गोदाम रिकामं, रस्ता तुंबलेला

काकांचं उत्तर इथे आहे. साखर रस्त्यावर उभी आहे, पण गोदामापर्यंत पोचत नाही. पेशींच्या दृष्टीने माल आलेलाच नाही.

शिवाय शुगर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत खेचून घेता येत नाही, आणि साखर लघवीतून वाहून जाते. खाल्लेलं अन्न अक्षरशः मोरीत जातं. म्हणून तहान, म्हणून वारंवार लघवी, म्हणून खाऊनही वजन उतरणं.

इन्सुलिनच्या शोधाआधी लहान मुलांच्या मधुमेहात हे चित्र फार भयंकर असायचं. त्यांच्या स्वादुपिंडात मुकादमच उरलेला नसतो. रक्तात साखर, अंगावर हाडं, आणि पोटात आग. त्यावर वैद्यांकडे उपाय काय होता? मुलाला उपाशी ठेवणं. भुकेने तडफडणाऱ्या मुलाला आणखी उपाशी ठेवून काही महिने मिळवायचे. टोरंटोत १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन वेगळं काढण्यात यश आलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. १४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन, पण तो बँटिंगचा वाढदिवसही आहे, म्हणून जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. हा योगायोग मला दरवर्षी शाळेतली पोरं फुगे घेऊन चालली की आठवतो.

काकांचा मधुमेह त्या प्रकारचा नाही, मोठेपणी होणारा टाइप २ आहे. इथे मुकादम हजर असतो, शिट्ट्याही मारतो, पण गोदामांची शटर गंजलेली असतात. एका शिट्टीत उघडायची ती आता तीन शिट्ट्यांत उघडतात. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. सुरुवातीची काही वर्षं स्वादुपिंड तिप्पट इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. शुगर नॉर्मल येते आणि आपण खूश असतो. मग ते दमतं, आणि आकडा चढू लागतो. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि पुन्हा तपासूनही तेवढीच निघाली, तर मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे, असा अंदाज निघाला.

'पण मी तर सडपातळ आहे,' असं म्हणणाऱ्यांसाठी एक फोटो सांगतो. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला होता. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटकुळे हातपाय आणि पोटात चरबी हा आपला देशी साचा आहे. शटर गंजायला ढेरी दिसायलाच पाहिजे असं नाही.

आठला पोहे, अकराला पोटात कावळे

काकांना मधुमेह आहे, पण मला नाही. तरी आठला पोहे खाल्ले की अकराला माझ्याही पोटात कावळे ओरडतात. ते का?

भूक म्हणजे साखर कमी झाल्याची घंटा, असा विचार शास्त्रज्ञ जाँ मेयर यांनी १९५० च्या दशकात मांडला होता. ऐकायला सरळ वाटतो, पण तो पुरा पडला नाही. निरोगी माणसाची शुगर दिवसभर बहुतेक ७० ते १४० च्या मध्येच फिरत असते, आणि भूक मात्र येते-जाते. आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा असावा, असं आता दिसतंय. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारावर लोकांच्या दंडावर सतत शुगर मोजणारे सेन्सर लावले होते. जेवणानंतर साखर किती वर चढली यावरून पुढच्या भुकेचा नीट अंदाज येईना. दोन-तीन तासांनी ती मूळ पातळीच्याही खाली किती घसरली, यावरून मात्र येत होता. ज्यांची घसरण मोठी, त्यांना पुढचं खाणं अर्धा तास आधी लागलं आणि दिवसभरात त्यांनी साधारण ३०० कॅलरी जास्त खाल्ल्या. तेच जेवण खाऊन कुणाची साखर घसरत होती, कुणाची नाही.

घसरण का होते? पोहे म्हणजे आधीच भिजवून, भाजून, चेपून तयार झालेला भात. पचायला फारसा वेळच लागत नाही. गाड्या एकदम येतात, मुकादम घाबरून जोरजोरात शिट्ट्या मारतो, आणि रस्ता गरजेपेक्षा जास्त रिकामा होतो. मेंदू म्हणतो, काहीतरी पाठवा.

उपासाच्या दिवशी हेच होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली त्याला घ्रेलिन-ब्रिलिन ही भुकेची संप्रेरकं माहीत नव्हती, पण दुपारी दोनच्या खिचडीनंतर साडेचारला डबे धुंडाळणारं माणूस त्याने नक्की पाहिलं होतं. खिचडीत शेंगदाण्याचा कूट भरपूर घालणारी आजी शहाणी होती. त्यातलं प्रोटीन आणि तेल गाड्या जरा रांगेत सोडतं.

"मग सगळा दोष साखरेच्या चढउताराचाच ना?"

नाही. इथे बरेच व्हिडिओवाले घाई करतात.

भुकेचा निरोप एकाच टपालाने येत नाही. पोट ताणलं की तिथल्या नसा मेंदूला कळवतात. रिकाम्या पोटातून घ्रेलिन निघतं, ते भूक वाढवतं. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना ते सापडलं. गंमत अशी, की ते घड्याळही पाळतं. रोज चारला चहा-चिवडा खाणाऱ्याला चारलाच भूक लागते, मग जेवण कितीही उशिरा झालेलं असो. चरबीतून लेप्टिन येतं, ते सांगतं की साठा आहे, घाई नको. आतड्यातून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं 'आता पुरे' म्हणतात. आणि हे लक्षात ठेवा: खुद्द इन्सुलिनही मेंदूत जाऊन 'भरलंय' असाच निरोप देतं. काकांच्या मेंदूला तो निरोपही नीट ऐकू येत नाही, हा त्यांच्या भुकेचा आणखी एक धागा.

आलूचंच पाहा. उकडलेला आलू साखर भराभर वाढवतो, हे सगळ्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. पण सिडनीत १९९५ मध्ये ३८ पदार्थ सारख्याच कॅलरीचे देऊन दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारलं, तेव्हा पहिला नंबर उकडलेल्या आलूचाच आला, पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून जास्त. बेकरीतला लोणीदार क्रॉसाँ सगळ्यांत खाली. आता तोच आलू आलूबोंड्यात गेला की तेल आणि बेसन चढून चार घासांत तेवढ्याच कॅलरी होतात, आणि पोट म्हणतं, एवढंच?

"इन्सुलिन वाढूच द्यायचं नाही, म्हणजे झालं"

हा वाद नागपूरकरांना नवा नाही. महाराष्ट्रभर पसरलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची 'दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा' ही पद्धत मुळात आपल्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून आलेली, असं दीक्षित स्वतःच सांगतात. दर खाण्याला इन्सुलिन सुटतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्याचा गाभा.

त्यातलं काम करणारं काय, हे मला स्पष्ट दिसतं. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा, बरोबर दोन बिस्किटं, वर मूठभर चिवडा, हे बंद होतं. कॅलरी उतरतात, शटरांना उसंत मिळते. पण पंचावन्न मिनिटांकडे घड्याळी मंत्र म्हणून पाहू नये. इन्सुलिन खाल्लेल्या मालाच्या प्रमाणात सुटतं, आणि काही न खाताही थोडं थोडं सुटतच असतं. ते शून्यावर आणायचं नसतंच, शून्यावर आलं तर त्या १९२१ पूर्वीच्या मुलांसारखी गत होते.

शिवाय जास्त इन्सुलिन म्हणजे जास्त भूक, हे समीकरण प्रयोगात टिकलेलं नाही. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी वीस जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे पिष्टमय, कमी तेलाचं शाकाहारी जेवण, दोन आठवडे कमी पिष्टाचं, मांस आणि चरबीचं. दोन्हींत हवं तेवढं खायची मुभा. २०२१ मध्ये निकाल छापला. पिष्टमय जेवणात साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढलं, आणि तरी लोकांनी रोज सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या. दोन-दोन आठवड्यांचा प्रयोग लहानच म्हणायचा, पण 'इन्सुलिनच जाड करतं' म्हणणाऱ्यांना त्याचं उत्तर द्यावं लागतं.

दुसरा पुरावा तर आता आपल्या औषधाच्या दुकानात आला आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. आतड्यातल्या जीएलपी-१ ची ही नक्कल. खरं जीएलपी-१ रक्तात दोन-तीन मिनिटांत विरघळतं, ही नक्कल आठवडाभर टिकते. ती साखर वाढली की इन्सुलिन जास्त सोडायला लावते, पोट हळू रिकामं करते आणि मेंदूतली भूक दाबते. इन्सुलिन वाढलं, भूक मात्र मेली. बंद केल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, हेही खरं. हे औषध डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं, लग्नाआधी दोन महिने घ्यायचं टॉनिक नाही ते. धरमपेठेत अशी चौकशी करणारे मला दोघं भेटले, म्हणून लिहितो.

"मग पोहे सोडू का?"

सोडायचे कशाला? प्लेटीतला वाटा बदला. तर्रीतला चणा हा खरं तर पोह्यांचा तारणहार आहे. त्यात प्रोटीन आहे, चोथा आहे, आणि तो हळूहळू पचतो. घरी जेवताना आधी भाजी, वरण, उसळ आणि मग भात, एवढा क्रम बदलला तरी साखरेची चढण बसकी होते. ज्वारीची भाकरीही पिष्टच आहे, पण सोबतचा झुणका आणि आंबाडीची भाजी तिला सावरून घेते.

संत्रं सोलून खा, रस काढू नका. एका ग्लासाला तीन-चार संत्री लागतात, ती सोलून खायला बसलो तर दुसऱ्यालाच हात थांबतो. गुळाचं मात्र ऐकू नका. गूळ ही बहुतेक साखरच, थोडी लोहाची आणि खूपशी भावनेची भर घातलेली. संक्रांतीला खा, औषध म्हणून खाऊ नका.

आणि शतपावली. स्नायू हलतात तेव्हा ती ग्लुकोजची दारं मुकादमाच्या शिट्टीशिवायही उघडतात. शटर गंजलेल्या माणसाला जेवणानंतरची पंधरा मिनिटं म्हणजे मागच्या दाराने माल उतरवून घेणं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत फुटाळा तलावावर जा असं मी म्हणणार नाही, गच्चीवर किंवा घरातल्या घरात फिरलात तरी चालतं.

भूक खरी धोक्याची केव्हा

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी अचानक लागणारी भूक कधीच दामटून नेऊ नये. घाम, हाताला थरथर, छातीत धडधड आणि भूक असं एकदम आलं तर शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेव्हा 'साखर नको, डायबेटीस आहे' म्हणणारा नातेवाईक जवळ असेल तर त्याला बाजूला करा. उपास, दोन वेळचं जेवण, कुठलाही प्रयोग अशा माणसाने डॉक्टरांना विचारून औषधाचा डोस बदलल्याशिवाय सुरू करू नये.

याची उलटी बाजूही आहे. महिनोन्‌महिने २८० वर राहिलेल्या माणसाची शुगर औषधाने १३० वर आली, की अंगाला ती कमी वाटते. तशीच थरथर, तशीच भूक. मोजून पाहिलं आणि आकडा ठीक असला, तर साखर खायची गरज नसते. काही आठवड्यांत शरीराला सवय होते.

काकांना पहिले पंधरा दिवस नेमकं हेच झालं. रोज मशीन घेऊन माझ्या दारात. "एकशे अडोतीस, सर, आन् मले चक्कर येते!" डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. नंतर एकदा ठेल्यावर भेटले. ठेलेवाल्याला सांगत होते, पोहे अर्धे, चणा डबल, सांबार (म्हणजे कोथिंबीर) जास्त टाक. मी मान डोलावली. तेवढ्यात त्यांनी प्लेट पुढे केली आणि म्हणाले, "वरून तर्री बी मार ना बे."